निखात धातुवस्तू : ओळख व कालनिर्णय

जमिनीत गाडल्या गेलेल्या आणि नांगरट, विहिरीची खोदाई, बांधबंदिस्ती, नदीकाठची धूप इ. कारणांनी अवचित उघड्या पडलेल्या जुन्या धातूच्या वस्तू. अशी वस्तू कोणत्या धातूची आहे, ती कशी बनविली, कशासाठी वापरली आणि ती किती जुनी आहे, हे ठरविण्याच्या प्रक्रियेस तिची ओळख किंवा अभिज्ञान असे म्हणतात. भारतातील ताम्रपाषाणयुगीन अवजारांचे कित्येक संच, सातवाहनकालीन नाण्यांचे साठे व ब्राँझच्या अनेक मूर्ती प्रथम शेतकरी, गुराखी व मजूर यांच्याच हाती लागल्या. पुरातत्त्वज्ञांच्या उत्खननात त्यांपैकी थोड्याच मिळाल्या. त्यामुळे अशा वस्तूंची ओळख हा पुरातत्त्वविद्येतील एक महत्त्वाचा, पण पुष्कळदा अपुऱ्या पुराव्यानिशी सोडवावा लागणारा प्रश्न आहे.

वस्तू जमिनीत जाण्याची कारणे : धातू प्राचीन काळी मौल्यवान असे आणि मोडलेली वस्तू वितळवून पुन्हा वापरली जाई. म्हणून धातूची वस्तू जमिनीत राहून गेली, याला बहुधा काही विशेष कारण असते. हरवलेली वस्तू साधारणपणे एकटी सापडते. संकटकाळी पुरून ठेवलेले धन भांड्यात किंवा पेटीत एकत्र मिळते. तांबट-लोहारांच्या साठ्यात मोडक्या वस्तू, धातूचे गोळे व अर्धवट घडविलेली हत्यारे असतात. मृताबरोबर पुरलेल्या वस्तूंजवळ अस्थी व मृत्पात्रे आढळतात, तर देवतेला अर्पण केलेल्या वस्तू पाणथळ जागी किंवा डोंगरमाथ्यावर मिळतात. वस्तू एकटी होती की अनेकांसह होती, ती किती खोलीवर होती व तिच्याभोवतीची माती कोणत्या रंगाची होती, या साध्या गोष्टींवरून तिच्या इतिहासाचा मोठा भाग कळतो. वस्तू एकदा बाहेर काढली, की ही माहिती पुन्हा मिळविता येत नाही.

धातूची पारख : जमिनीतील ओलावा, क्षार व हवा यांमुळे बहुतेक धातूंवर संक्षारणाचे थर चढतात आणि थराच्या रंगावरून धातूचा प्राथमिक अंदाज बांधता येतो. तांबे व त्याची संमिश्रे (ब्राँझ, पितळ, कासे) यांवर हिरवा, क्वचित निळा थर येतो व त्याखाली तांबड्या ऑक्साइडाचा थर असतो. लोखंडावर तपकिरी-तांबूस गंज चढून भोवतीची वाळू व खडे त्यात घट्ट बसतात. त्यामुळे मूळ आकार ओळखता न येणारा गोळा तयार होतो. चांदी काळवंडते आणि क्षारयुक्त जमिनीत तिच्यावर करड्या क्लोराइडाचे जाड पुट बसते. शिशावर पांढरट थर येतो. शुद्ध सोन्यावर मात्र काहीही परिणाम होत नाही. लोखंड चुंबकाकडे ओढले जाते, परंतु पूर्णपणे गंजलेल्या लोखंडात हा गुण क्षीण झालेला असतो. लोखंडाच्या भट्टीतून निघालेली जड, सच्छिद्र मळी ही पुष्कळदा वस्तू समजली जाते. तिचे ढीग आढळल्यास मात्र तेथे एखादी जुनी भट्टी असण्याचा संभव असतो.

वस्तू भरीव व सुस्थितीत असल्यास तिच्या विशिष्ट गुरुत्वावरूनही (वि. गु.) धातूचा अंदाज येतो. सोन्याचे वि. गु. १९.३, शिशाचे ११.३, चांदीचे १०.५, तांब्याचे सु. ८.९ व लोखंडाचे सु. ७.९ असते. उदा., हवेत ४४५ ग्रॅ. भरणारी वस्तू पाण्यात बुडवून टांगली असता ३९५ ग्रॅ. भरली, तर तिच्या वजनात ५० ग्रॅ. घट झाली. ४४५ ला ५० ने भागले असता ८.९ हे वि. गु. येते, म्हणजे वस्तू तांब्याची किंवा तांबे प्रमुख असलेल्या संमिश्राची असण्याचा संभव आहे. पोकळ किंवा जीर्ण वस्तूच्या बाबतीत हा आकडा फसवा ठरतो. ठिसूळ झालेल्या वस्तूवर तर हा प्रयोग करूच नये.

घडण व वापराच्या खुणा : धातूची वस्तू ओतीव आहे की घडीव, हे तिच्या पृष्ठावरून समजते. दोन भागांच्या साच्यात ओतलेल्या वस्तूच्या कडेने सांध्याची बारीक रेघ राहते. ठोकून घडविलेल्या वस्तूवर हातोड्याचे चपटे घाव दिसतात. मेणाची प्रतिकृती करून तिच्यावर मातीचे लेपन करावयाचे, मेण वितळवून काढावयाचे व त्या पोकळीत रस ओतावयाचा, या मधूच्छिष्ट पद्धतीने केलेल्या मूर्तींवर सांध्याची रेघ नसते. पोकळ मूर्तीच्या आत कित्येकदा भाजलेल्या मातीचा गाभा शिल्लक असतो. धार लावल्याच्या रेघा, दांडा बसविण्याचे भोक, एका बाजूची झीज, दोरीने पडलेला चर यांवरून वस्तूचा उपयोग सूचित होतो.

काही खुणा वस्तू फारशी जुनी नसल्याचे दर्शवितात. स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणित माप प्रथम १८४१ मध्ये व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमध्ये सुचविले. म्हणून यंत्राने पाडलेले एकसारखे आटे असलेली वस्तू साधारणतः त्यानंतरची असते. ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची विद्युत् पद्धत १८८६ मध्ये निघाली. त्यापूर्वीची ॲल्युमिनियमची वस्तू शेतात सापडण्याचा संभव जवळजवळ नाही. विजेच्या जोडकामाच्या खुणा व जस्ताचा मुलामा हेही अर्वाचीनत्वाचे निदर्शक होत.

महाराष्ट्रातील शेतात मिळणाऱ्या बहुसंख्य धातुवस्तू गेल्या दोन-तीन शतकांतील असतात. नांगराचे फाळ, कुळवाच्या फाशी, खुरपी, विळे, बैलांच्या पायांच्या पत्र्या, घोड्यांचे नाल, गाडीच्या चाकाच्या धावेचे तुकडे, चाक निसटू नये म्हणून आसात घातलेल्या खिळी, कुलपे व घंटा ही त्यांची उदाहरणे होत. किल्ल्यांच्या व रणभूमींच्या परिसरात तोफगोळे आढळतात. त्यांपैकी काही पोकळ असून त्यांत दारू भरलेली असते. तसेच आधुनिक काळातील न फुटलेले दारूगोळेही गंजलेल्या स्थितीत मिळतात. अशा वस्तूवर आघात करणे, ती तापविणे किंवा घरी नेणे प्राणघातक ठरू शकते. त्यांची सूचना पोलिसांना देणे, हाच एकमेव सुरक्षित मार्ग होय.

नाणी : नाण्यावर लेख व चिन्हे असल्यामुळे ते इतर वस्तूंच्या मानाने लवकर ओळखता येते. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेले तांब्याचे नाणे म्हणजे शिवराई. शिवाजी महाराजांनंतरही ती दीर्घकाळ निरनिराळ्या टाकसाळींत पाडली जात असल्यामुळे प्रत्येक शिवराई शिवकालीन नसते. हत्तीची आकृती व चार वर्तुळांचे तथाकथित उज्जयिनी चिन्ह असलेली शिशाची किंवा पोटीनची नाणी बहुधा सातवाहनांची असतात.

नाण्यांचा संपूर्ण साठा हाती आल्यास त्यातून काय निष्पन्न होते, याचे उत्तम उदाहरण नासिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथील आहे. १९०६ मध्ये तेथे क्षत्रप नहपान याची १३,००० हून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केला, असे नासिकच्या लेण्यातील लेख सांगतो. त्या विधानाला या नाण्यांनी स्वतंत्र पुरावा मिळवून दिला आणि नहपान व गौतमीपुत्र यांच्या काळात फार मोठे अंतर नव्हते, हेही स्पष्ट झाले. यातील एखाददुसरे नाणे सुटे मिळाले असते, तर एवढा निष्कर्ष काढता आला नसता. पुनर्मुद्रित नाण्यांचे प्रमाण हेच येथे निर्णायक ठरले.

ताम्रनिधी : वस्तू ओळखता आली, तरी ती कोणाची हे ठरविता न आल्यास कोणत्या अडचणी येतात, हे उत्तर भारतातील ताम्रनिधींच्या अभ्यासावरून दिसून येते. १८२२ मध्ये कानपूरजवळील बिठूर येथे तांब्याचे एक दातेरी भालाग्र मिळाले. पुढे गंगा-यमुनेच्या दुआबापासून बिहार, ओडिशा व पश्चिम बंगालपर्यंत अशा वस्तूंचे अनेक संच शेतात आढळले. चपट्या व खांदे असलेल्या कुऱ्हाडी, पहारीसारख्या लांबट कुऱ्हाडी, कडी, शृंगिकायुक्त मुठीच्या तलवारी, दातेरी भालाग्रे व मानवाकृती हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे १८७० मध्ये गुरे राखणाऱ्या मुलांना जमिनीतून वर आलेला धातूचा तुकडा दिसला. त्या ठिकाणी खणले असता तांब्याच्या ४२४ वस्तू व चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. केवळ तांब्याचेच वजन ८२९ पौंड (सु. ३७६ किग्रॅ.) भरले. हा संच पुढे विखुरला गेला. त्यातील काही वस्तू नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, तर काही लंडन येथील ब्रिटिश म्यूझीयममध्ये आहेत.

या वस्तूंसोबत मृत्पात्रे किंवा वसाहतीचे अवशेष नोंदले गेले नव्हते. त्यामुळे केवळ आकारसाम्याच्या आधारे निरनिराळ्या उपपत्ती मांडण्यात आल्या. हाइनेगेल्डर्न यांनी पश्चिमेकडील शस्त्रांशी तुलना करून त्यांचा संबंध आर्यांच्या आगमनाशी जोडला. बी. बी. लाल यांनी हे मत अमान्य केले व बिसौली आणि राजपूर परसू या ताम्रनिधींच्या जागी चाचणी उत्खनन केले (अहवाल १९५१). तेथे त्यांना झिजलेली गेरूसारख्या रंगाची मृत्पात्रे मिळाली. या मृत्पात्रांचा ताम्रनिधींशी असलेला संबंध १९७० मध्ये इटावा जिल्ह्यातील सैपई येथील उत्खननाने अधिक दृढ झाला. तेथे त्याच प्रकारच्या मृत्पात्रांच्या थरात तांब्याचे भालाग्र मिळाले. बागपत जिल्ह्यातील सिनौली येथे २०१८ मध्ये शृंगिकायुक्त तलवारी दफनांत आढळल्या, तर २०२२ मध्ये मैनपुरी जिल्ह्यातील गणेशपूर येथे शेत सपाट करताना तांब्याच्या शस्त्रांचा आणखी एक संच मिळाला. ताम्रनिधींचा काळ आता सामान्यतः इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात किंवा त्यापूर्वी काही शतके असा मानतात. मानवाकृतीचा उपयोग मात्र अद्याप विवाद्य आहे. ते पक्ष्यांवर फेकावयाचे अस्त्र असावे, असे काही विद्वानांचे मत असून इतर विद्वान त्यास पूजेचे प्रतीक समजतात. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील चांदोली येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात शृंगिकायुक्त मुठीची तांब्याची कट्यार मिळाली आहे. ती थरांच्या क्रमात सापडल्यामुळे सुट्या मिळालेल्या शस्त्रांच्या मानाने तिचे पुराव्याचे मूल्य अधिक आहे.

दायमाबादची ब्राँझशिल्पे : अहिल्यानगर (पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा नदीकाठी असलेल्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका स्थानिक रहिवाशाला झुडपाचे मूळ खणून काढताना चार भरीव ब्राँझशिल्पे मिळाली. दोन बैल जोडलेला व उभा सारथी असलेला रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशी ही शिल्पे असून त्यांचे एकूण वजन ६० किग्रॅ.हून अधिक आहे. रथ सु. ४५ सेंमी. लांब व सु. १६ सेंमी. रुंद आहे. प्राण्यांच्या बैठकी चाके बसविता येतील अशा घडविलेल्या आहेत. भारतात अन्यत्र इतकी वजनदार व या घडणीची ताम्रपाषाणयुगीन शिल्पे मिळालेली नाहीत. त्यामुळे त्यांची तुलना कशाशी करावी, हाच पहिला प्रश्न होता.

म. के. ढवळीकर यांनी शैली व प्राणिचित्रण यांच्या आधारे ही शिल्पे उत्तर हडप्पा काळातील ठरविली. हत्ती, गेंडा व रेडा हे प्राणी सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर वारंवार येतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. डी. पी. अगरवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक विश्लेषण केले. त्यात आर्सेनिकाचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आढळले. ताम्रपाषाणयुगीन इतर वस्तूंत आर्सेनिकाची अशी भेसळ दिसत नाही, या कारणाने त्यांनी शिल्पांच्या प्राचीनतेविषयी शंका उपस्थित केली. १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी दायमाबाद येथे विस्तृत उत्खनन केले आणि शिल्पे मिळाली त्या जागेचीही तपासणी केली. ती उत्तर हडप्पा काळाच्या थरातील असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बहुसंख्य अभ्यासक ही शिल्पे इ. स. पू. सु. २००० च्या सुमाराची मानतात. तथापि ती शास्त्रीय उत्खननात मिळालेली नसल्यामुळे या मताला पूर्ण निश्चिती लाभलेली नाही. ती वितळविली न जाता शासनाच्या ताब्यात आली व सापडल्याची जागा दाखविता आली, म्हणूनच एवढाही निर्णय शक्य झाला.

कालनिर्णयाच्या पद्धती : धातूचे वय थेट मोजण्याची सर्वसाधारण पद्धत उपलब्ध नाही. कार्बन-१४ पद्धती सेंद्रिय पदार्थांना लागू पडते. तांब्याच्या किंवा सोन्याच्या वस्तूला ती लावता येत नाही. मात्र मुठीतील लाकूड, म्यानातील चामडे, शेजारचा कोळसा व काही वेळा पोलादातील कार्बन यांचे वय तिने काढता येते. मूर्तीतील भाजलेल्या मातीच्या गाभ्याचे किंवा सोबतच्या मृत्पात्रांचे वय तप्तदीपन पद्धतीने ठरवितात. क्ष-किरण अनुस्फुरणाने वस्तूला इजा न करता पृष्ठभागाचे घटक समजतात. क्ष-किरण छायाचित्रणाने गंजाच्या गोळ्यातील मूळ वस्तूचा आकार दिसतो. शिशाच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून धातू कोणत्या खाणीतील असावा, याचा शोध घेता येतो. या सर्व पद्धतींना आकारांच्या क्रमवार तुलनेची जोड द्यावी लागते. विदर्भातील महापाषाणयुगीन शिलावर्तुळांत आढळलेल्या, लोखंडी पट्ट्यांनी दांड्याला आवळलेल्या चपट्या कुऱ्हाडी हा असाच एक वैशिष्ट्यपूर्ण प्रकार होय. नागपूर जिल्ह्यातील माहूरझरी येथे महापाषाणयुगीन लोखंडी वस्तू, तर नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी मिळाल्यामुळे त्या प्रदेशात सुटी मिळालेली लोखंडी हत्यारे ओळखणे सुकर झाले आहे.

सोबतच्या वस्तू किती निर्णायक ठरतात, हे जर्मनीतील नेब्रा येथील तबकडीवरून कळते. सु. ३२ सेंमी. व्यासाच्या या ब्राँझ तबकडीवर सोन्याच्या पत्र्याने चंद्र, तारे व सूर्य किंवा पूर्णचंद्र दाखविलेला आहे. १९९९ मध्ये धातुशोधक यंत्र वापरणाऱ्या अनधिकृत शोधकांनी ती खणून काढली व त्या वेळी तिला इजा झाली. २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे पोलिसांनी ती हस्तगत केली. तिच्याबरोबर मिळालेल्या तलवारींपैकी एकीच्या मुठीतील भूर्ज सालीच्या अंशाचे वय कार्बन-१४ पद्धतीने इ. स. पू. सु. १६०० निघाले व त्यावरून तबकडी पुरल्याचा काळ ठरविण्यात आला. परंतु या सर्व वस्तू मुळात एकत्रच होत्या काय, ही शंका शोधकांच्या जबानीखेरीज अन्य पुराव्याने दूर करावी लागली. त्यासाठी तबकडीला चिकटलेल्या मातीची तुलना त्या टेकडीवरील मातीशी करण्यात आली. तरीही २०२० मध्ये काही विद्वानांनी ती लोहयुगीन असल्याचे मत मांडले व इतरांनी ते खोडून काढले.

काही वस्तूंचा धातू, घडण व काळ माहीत असूनही उपयोग कळत नाही. यूरोपातील रोमन साम्राज्याच्या उत्तर व पश्चिम प्रांतांत ब्राँझच्या पोकळ द्वादशफलकाकृती वस्तू शंभराहून अधिक संख्येने मिळाल्या आहेत. प्रत्येक पंचकोनी फलकावर निरनिराळ्या व्यासाचे भोक व कोपऱ्यांवर गोळे असतात. त्यांचा उल्लेख कोणत्याही ज्ञात रोमन ग्रंथात नाही. मोजमापाचे साधन, दिवठाण, धार्मिक वस्तू असे अनेक तर्क करण्यात आले, पण एकही सर्वमान्य झालेला नाही.

साफसफाई व जतन : सापडलेली वस्तू चकचकीत करण्याचा मोह सर्वांत घातक असतो. चिंच, लिंबू, राख, वाळू किंवा आम्ल यांनी घासल्यास हिरव्या थराबरोबर त्यावरील अक्षरे, धारेच्या खुणा आणि कापडाचे वा लाकडाचे ठसेही नष्ट होतात. तांब्याच्या वस्तूंमध्ये क्लोराइडे असल्यास दमट हवेत फिकट हिरवी भुकटी सुटू लागते. या विकाराला ‘ब्राँझचा रोग’ म्हणतात. त्यावर कोरड्या हवेत साठवण व प्रयोगशाळेतील उपचार हाच उपाय आहे. पाण्यात किंवा ओल्या जमिनीत मिळालेले लोखंड एकदम वाळल्यास त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून वस्तूची माती शक्यतो तशीच ठेवून, तिचे मोजपट्टीसह छायाचित्र घेऊन, जागा, खोली व दिनांक यांची नोंद करणे श्रेयस्कर ठरते.

विधी : भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेली कोणत्याही किंमतीची वस्तू ‘निधी’ या संज्ञेत येते. दहा रुपयांपेक्षा अधिक किंमतीचा निधी सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी सूचना देणे बंधनकारक आहे. निधी बेवारस ठरला व जमिनीच्या मालकाचा हक्क मान्य झाला, तर परस्परांत अन्य करार नसल्यास सापडणाऱ्यास तीनचतुर्थांश व मालकास एकचतुर्थांश वाटा मिळतो. शासन हा निधी धातूच्या किंमतीवर एकपंचमांश अधिक रक्कम देऊन संपादन करू शकते. सूचना न देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा १९७६ पासून अंमलात आला. त्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेष ठरतात व त्यांची खाजगी निर्यात करता येत नाही. इंग्लंडमध्ये १९९६ च्या निधी अधिनियमाबरोबरच सर्वसामान्यांना सापडलेल्या वस्तू स्वेच्छेने नोंदविण्याची योजना १९९७ पासून सुरू झाली असून तीत वस्तू बहुधा सापडणाऱ्याकडेच राहते व तिची माहिती अभ्यासकांना मिळते.

कायद्याचे भय किंवा जमीन शासनजमा होईल ही चुकीची समजूत यांमुळे अनेक वस्तू मोडीत जातात अथवा गुप्तपणे विकल्या जातात. त्यांतील धातूची किंमत बहुधा अल्प असते. परंतु त्यांबरोबर वस्तूचे स्थळ, सोबतच्या वस्तू व थर यांचा पुरावा कायमचा नाहीसा होतो आणि मागे राहते ती केवळ ऐकीव हकीकत.